शाळेची हजेरी आणि वेळ: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आणि पुढे वर्षभर फोनवर आम्हाला साधारण हेच प्रश्न येतात. आमची शाळा तालुक्याच्या गावातली, पहिली ते दहावीची, मराठी माध्यमाची, अनुदानित. बरीच मुलं वाड्या-वस्त्यांवरून येतात आणि दिवाळी झाली की काहींचे आईवडील ऊसतोडीला जातात. उत्तरं या परिस्थितीला धरून दिली आहेत. जिथे सरकारी नियम आहे तिथे तसं सांगितलं आहे. बाकी आमच्या शाळेची पद्धत.

शाळा नक्की किती वाजता भरते?

पहिली ते चौथी साडेनऊला, पाचवी ते दहावी साडेदहाला. पहिली घंटा दहा मिनिटं आधी होते आणि दुसऱ्या घंटेला परिपाठ सुरू होतो. साडेनऊला शाळा भरते याचा अर्थ साडेनऊला मूल ओळीत उभं हवं. तेव्हा बाबांची मोटरसायकल फाटकाशी वळत असेल तर तो उशीरच.

प्राथमिकचे वर्ग पूर्वी सकाळी सातला भरायचे. मुलांची झोप पुरी होत नाही हा मुद्दा राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. आमच्याकडे त्याचा फरक पहिल्याच महिन्यात दिसला. आधी पहिलीची निम्मी मुलं प्रार्थनेला डोळे मिटायची ती उघडायचीच नाहीत. ऊन वाढल्यावर शाळा सकाळची होते. ते वेळापत्रक वर्गाच्या ग्रुपवर आणि दर्शनी फलकावर लावलं जातं.

कामावर जायचं असतं. मुलाला आठलाच सोडून गेलो तर चालेल?

नाही. नऊच्या आधी आवारात शिक्षक नसतात आणि फाटकाला कुलूप असतं. पर्याय नसेल तर मुख्याध्यापकांशी बोला. शाळेजवळ राहणाऱ्या दुसऱ्या पालकांशी गाठ घालून देता येते, आजवर तशी दिलीही आहे.

दहा-पंधरा मिनिटांनी असं काय बिघडतं?

आधी हिशेब. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. लहान वर्गांना म्हणजे दिवसाचे चार तास. रोज पाव तास गेला तर वर्षाचे ५० तास गेले, शाळेचे साडेबारा दिवस.

पण खरं नुकसान हिशेबात दिसत नाही. आमच्याकडे पहिला तास गणिताचा असतो. समजा बाईंनी ५२ वजा २७ करून दाखवलं. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाकडून एक मागून घ्यायचा, हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत सांगून झालं. उशिरा आलेल्या मुलाला फळ्यावर दिसतं ते असं: ५ वर काट, त्याच्यावर बारीक ४, आणि २ च्या जागी १२. तो ते तसंच्या तसं वहीत उतरवतो. काट कशाला मारली हे त्याला ठाऊक नसतं आणि सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते. संध्याकाळी घरी विचारलं की उत्तर ठरलेलं, “बाईंनी शिकवलंच नाही.”

उशीर झाला तर मुलाला बाहेर उभं करता का? उठाबशा वगैरे?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. उन्हात उभं करणं, परिपाठात सर्वांपुढे नाव घेणं, ‘आला का साहेब’ म्हणून हसणं, हे सगळं त्यात येतं. फाटकातून परत पाठवणंही आमच्याकडे बंद आहे. घरी गेलेलं मूल घरीच गेलं याची खात्री कोण देणार?

उशिरा आलेलं मूल ऑफिसात येतं, वहीत वेळ आणि कारण लिहिलं जातं, चिठ्ठी घेऊन ते वर्गात जातं. आठवड्यात तीन चिठ्ठ्या झाल्या की वर्गशिक्षक फोन करतात आणि तो फोन तुम्हाला असतो. आठ वर्षांचं मूल स्वतः उशीर करत नाही. पाणी उशिरा येतं, डबा उशिरा होतो, रात्री अकरापर्यंत मोबाइल चालू राहतो, मोटरसायकल एकच आणि पोरं तीन शाळांत. कारण मोठ्यांच्या हातातलं असेल तर जाबही मोठ्यांनीच द्यायचा, या एका गोष्टीवर आमचे सगळे नियम बेतलेले आहेत. आठवी-नववीपासून मात्र आम्ही मुलांशी थेट बोलतो. त्या वयात फाटकापर्यंत येऊन पानटपरीशी रेंगाळणारेही असतात आणि ते घरी कळत नाही.

एसटीच उशिरा आली तर?

तो उशीर धरत नाही. सकाळच्या गाड्यांच्या वेळा ऑफिसात लावलेल्या आहेत आणि एका गावची चार मुलं एकदम उशिरा आली तर विचारावंही लागत नाही. गाडी आठवडाभर रोजच उशिरा येत असेल तर आम्हाला लेखी कळवा. आगारप्रमुखांकडे शाळेच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर त्याची दखल लवकर घेतली जाते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्या असल्या तर आणखी लवकर.

पाचवीपासून पुढच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पासाचे अर्ज शाळेतूनच जातात. जून संपेपर्यंत अर्ज दिला नाही तर जुलैत मुलगी ‘पास नाही म्हणून’ घरी बसते, असं दरवर्षी कोणाचं तरी होतंच.

हजेरी किती टक्के लागते?

दहावीला राज्य मंडळाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के. दीर्घ आजारासारखं सबळ कारण असेल तर सवलतीचा प्रस्ताव जाऊ शकतो, पण त्याला त्या-त्या वेळची कागदपत्रं लागतात. फेब्रुवारीत मागच्या ऑगस्टचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणून चालत नाही. हजेरी भरली नाही तर ‘मग सतरा नंबरचा फॉर्म भरू’ असं काही जण म्हणतात. तो खाजगी विद्यार्थ्यांसाठी असतो आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते.

पहिली ते आठवीला टक्के कमी पडले म्हणून कोणाला शाळेतून काढता येत नाही. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. आमच्या अनुभवात तिथे अडकणारी बहुतेक मुलं डोक्याने कमी नसतात, वर्षभर वर्गात नसतात.

दहावीला क्लास लावला आहे. शाळा बुडवून क्लास केला तर हजेरी लावाल का?

नाही. हजेरीपटावर खोटी खूण करायला सांगू नका. प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेतच मिळतात.

आजारी असताना शाळेत पाठवावं की नाही?

ताप असेल तर पाठवू नका. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही की पाठवा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवलेलं मूल दुपारी एकच्या सुमाराला पुन्हा तापतं. तोवर तुम्ही कामावर असता आणि फोन लागत नाही.

कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी. गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. डोळे आले असतील तर लाली आणि चिकटपणा जाईपर्यंत. साधी सर्दी किंवा बोटाला लागलं म्हणून घरी ठेवायचं कारण नाही. उवा झाल्या म्हणूनही नाही, फक्त त्याच दिवशी औषध लावा. देवी आल्या म्हणून घरी जे काही पाळायचं ते पाळा, आम्ही त्यात पडत नाही. मात्र डॉक्टरांना दाखवा आणि शाळेला कळवा, कारण त्याच बाकावर आणखी दोन मुलं बसत असतात.

रजेचा अर्ज कसा लिहायचा? मला फारसं लिहिता येत नाही.

फोन केला तरी चालतो. सकाळी साडेनऊच्या आत वर्गशिक्षकांना सांगा, ते नोंद करतात. लिहायचं असेल तर इतकं पुरे:

“वर्गशिक्षक, इयत्ता चौथी अ. माझी मुलगी (नाव) हिला काल रात्रीपासून ताप आहे. आज आणि उद्या ती शाळेत येणार नाही. गृहपाठ शेजारच्या मुलीकडून घेऊ. पालकाची सही, तारीख.”

‘घरगुती कारणामुळे’ एवढंच लिहिलेले अर्ज आम्ही घेतो, पण त्यातून मदत करता येत नाही. घरात मयत झालं, वडील दवाखान्यात आहेत, भांडण होऊन आई माहेरी गेली, हे कळलं तर वर्गशिक्षक मुलाशी तसं वागतात. सांगितलेलं वर्गात फुटत नाही.

लग्न, जत्रा, वारी यासाठी किती दिवस सुट्टी मिळते?

गावच्या जत्रेला शाळेला सुट्टीच असते, ती स्थानिक सुट्ट्यांत धरलेली आहे. सख्ख्या नात्यातल्या लग्नाला दोन दिवस ठीक. हळद, लग्न, पूजा, गोंधळ, मग परतीचं मूळ असं आठवडाभर नको. तारीख तुमच्या हातात असेल तर सुट्ट्यांची यादी जूनमध्येच दिलेली असते, ती बघून ठरवा. रविवार सोडूनही वर्षाला पंच्याहत्तरच्या आसपास सुट्ट्या असतात. आजीसोबत वारीला चाललेल्या मुलाला आम्ही अडवत नाही. परत आल्यावर त्याने वाटेत काय पाहिलं ते वर्गाला सांगावं, एवढीच अट.

आम्ही ऊसतोडीला जाणार. मुलांचं काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर दसऱ्याच्या आत विचारायला या. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, मुकादमाने टोळीची तारीख दिलेली असते, आणि पालक भेटतात ते निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधताना. तेव्हा फार काही करता येत नाही.

पहिली पसंती मूल गावातच ठेवण्याला. आजी-आजोबा किंवा चुलते असतील तर मूल त्यांच्याकडे झोपतं आणि हंगामी वसतिगृहातून दोन वेळचं जेवण, शाळा आणि अभ्यास होतो. त्यासाठी मुलांची यादी आधी पाठवावी लागते. यादीत नाव नसलेल्या मुलाचं जेवण मग आम्ही इकडून तिकडून भागवतो, पण तो कायमचा मार्ग नाही.

मूल सोबत न्यायचंच असेल तर निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्यावर मुलाचं नाव, इयत्ता आणि त्याला काय येतं हे लिहिलेलं असतं. कारखान्यावर पोचलात की जवळच्या शाळेत ते दाखवा. दाखला नाही, वर्ष अर्धं संपलंय, म्हणून तिथली शाळा नाही म्हणू शकत नाही. वयानुरूप वर्गात बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. कोणी नकार दिला तर आमच्या मुख्याध्यापकांना तिथूनच फोन करा आणि फोन त्या सरांच्या हातात द्या. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) राहणारं मूल शाळेत का जात नाही हे आम्हाला माहीत आहे. आईबाप पहाटे फडात जातात, दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला घेऊन कोपीत थांबते, मोठा मुलगा मोळ्या बांधायला आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायला लागतो. तिथून शाळा दोन-तीन किलोमीटर, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरची वर्दळ. म्हणून ‘तिकडे शाळेत घाला’ हा सल्ला आम्ही सहज देत नाही. आजीकडे ठेवता येत असेल तर ठेवा, हेच पुन्हा सांगतो. आजी थकली असेल तर तेही सांगा, गावात आणखी कोणाकडे सोय होते का ते समितीतून बघता येतं.

मार्च-एप्रिलमध्ये परत आलात की मूल दुसऱ्या दिवशी शाळेत आणा. ‘आता वर्ष गेलंच’ म्हणून जूनपर्यंत घरी ठेवू नका. नाव पटावर असतंच.

सलग महिनाभर मूल आलं नाही तर नाव कमी करता का?

नाही. सलग एक महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं ६ ते १४ वयाचं मूल शाळाबाह्य धरलं जातं. त्याला शोधून परत आणणं हे शाळेचं काम आहे. तिसऱ्या दिवशी फोन, आठवडा झाला की वर्गशिक्षक घरी, असं आम्ही ठरवून घेतलं आहे. दारात सर दिसले की काही घरांत धावपळ होते, चहा ठेवला जातो, मुलगा मागच्या दाराने पसार होतो. रागवायला येत नाही हो. काय अडचण आहे एवढं विचारायला येतो.

रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो. खरं की नाटक?

आधी डॉक्टरांना दाखवा. जंत, अपचन, बद्धकोष्ठता, काहीही असू शकतं. डॉक्टरांनी काही नाही म्हटलं तरी ‘नाटक’ हा शब्द वापरू नका. भीतीने खरोखर पोटात दुखतं.

मग पाहा कोणत्या वारी दुखतं. फक्त बुधवारी दुखत असेल आणि बुधवारी एखाद्या विषयाची चाचणी असेल तर धागा सापडला. रविवारी अजिबात दुखत नसेल तर शाळेतलं किंवा वाटेवरचं काहीतरी आहे. आम्हाला आजवर सापडलेली कारणं बघा: मागच्या बाकावरचा मुलगा डबा काढून घेतो, स्वच्छतागृहाची कडी लागत नाही, मोठ्याने वाचायला सांगतील याची धास्ती, रिक्षावाल्या काकांचं बोलणं, रंगावरून किंवा वडिलांच्या कामावरून पडलेलं टोपणनाव. यातलं शाळेतलं जे आहे ते आम्ही दुरुस्त करू शकतो, पण कळलं तर.

घरी ठेवलंत तर दिवसभर मोबाइल आणि आवडीचं खाणं नको. आणि शाळेत न्यायचं ठरलं तर नेऊन सोडा, फाटकाशी अर्धा तास समजूत घालत उभे राहू नका. मूल आत आलं की बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत रडणं थांबतं, आम्ही तुम्हाला फोटो पाठवतो. दोन आठवडे हेच चाललं तर मात्र सोडून-रडवून काम होणार नाही. बसून बोलू.

मुलीला लहान भावाला सांभाळायला कधीतरी घरी ठेवावं लागतं.

‘कधीतरी’ आठवड्याला दोनदा होतं, हे हजेरीपटावर स्पष्ट दिसतं. एकाच घरातला मुलगा पूर्ण हजर आणि बहीण सोमवारी-गुरुवारी गैरहजर, तीही बाजाराच्या दिवशी नेमकी. धाकटा तीन वर्षांचा असेल तर अंगणवाडीत घाला. त्याहून लहान असेल तर भेटा, काही तोड काढू.

दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागे रोज १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना १९९२ ची, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. महागाई कुठच्या कुठे गेली तरी तो रुपया वर्षानुवर्षे रुपयाच राहिला. त्यासाठी कोणी मुलगी शाळेत पाठवेल असं आम्हाला वाटत नाही, पण हक्काचा आहे तर कागदपत्रं द्या.

मोठ्या मुली पाळीच्या दिवसांत घरी राहतात. पॅड बाईंच्या कपाटात असतात, नाव लिहून घेत नाहीत. पोट फार दुखत असेल तर मुलींच्या खोलीत पडता येतं. कपडे खराब झाले तर बाई घरी फोन करतात, मुलीला वर्गातून उठून कोणाला काही सांगावं लागत नाही.

खूप पाऊस असेल तर?

प्रशासनाने सुट्टी जाहीर केली की ग्रुपवर येतं. फॉरवर्ड झालेला फोटो बघून ठरवू नका, मुख्याध्यापकांचा मेसेज बघा. ओढ्याला पाणी असेल तर सुट्टी असो नसो, मूल पाठवू नका. ती गैरहजेरी आम्ही विचारत नाही.

मधल्या सुट्टीत मुलाला घरी नेता येईल?

पालकांनी स्वतः यायचं, वहीत सही करायची. ‘मामा आलेत न्यायला’ हे मुलाने सांगून चालत नाही. अनोळखी माणूस असेल तर तुमच्याशी फोनवर बोलल्याशिवाय मूल देत नाही. मामांना राग येतो, येऊ द्या.

पूर्ण वर्ष हजर राहणाऱ्याला बक्षीस का देत नाही?

पूर्वी देत होतो. मग अंगात ताप असताना ‘बक्षीस जाईल’ म्हणून आलेली मुलं दिसायला लागली, आणि बक्षीस नेहमी शाळेशेजारी राहणाऱ्यालाच मिळायचं. चार किलोमीटर चालत येणाऱ्याला कधीच नाही. आता मागच्या सत्रापेक्षा ज्याची हजेरी सुधारली त्याचं नाव परिपाठात घेतो.

शिक्षकच उशिरा आले तर?

विचारा. जरूर विचारा. नियमितपणे आणि वेळेवर येणं हे शिक्षकाचं कर्तव्य शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्येच लिहिलेलं आहे. पालकांच्या सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणंही त्यातच येतं. आधी मुख्याध्यापकांना सांगा, फरक पडला नाही तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तक्रार केली म्हणून मुलाला त्रास होईल अशी भीती असेल तर समितीतल्या पालक सदस्याकरवी सांगा, तुमचं नाव येत नाही. निवडणूक, सर्वेक्षण किंवा प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकांची नावं फलकावर लिहिलेली असतात, ती आधी बघून घ्या.

प्रगतीपुस्तकात हजेरी चुकीची आली आहे.

होतं असं. एकाच आडनावाच्या दोन मुलांत खूण इकडची तिकडे होते, विशेषतः जुळे एका तुकडीत असतील तर. महिना संपल्यापासून पंधरा दिवसांत वर्गशिक्षकांना भेटा, हजेरीपट समोर ठेवून तपासू. त्या दिवशीची वर्गपाठाची वही सोबत आणा. तारीख घातलेला वर्गपाठ असेल तर दुरुस्ती लगेच होते, मुख्याध्यापकांची सही घेऊन. ऑनलाइन भरलेली नोंद बदलायला मात्र दोन-चार दिवस लागतात.